मोटार, मालक आणि मिस्त्री



ज्या सद्गृहस्थांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासले आणि स्वतःची मोटार मात्र कोणाच्याही हाती न देता स्वतः निगुतीने राखली, अशी त्यांची ख्याती आहे; तेव्हा वेदान्त, इतिहास आणि साहित्य यांची पुष्पे या मंचावर वाहून झाल्यानंतर एखादे पुष्प ग्रीसच्या वासाचे निघाले, तर ते त्यांच्या स्मृतीस विजोड ठरणार नाही अशी माझी समजूत आहे. विषय साधा आहे. ज्याच्या दारी एक मोटार आहे, मिळकत बेताची आहे आणि सर्व्हिसिंगचे बिल हाती पडताच ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात, अशा गृहस्थाने अथवा गृहिणीने खर्चाची बचत व्हावी म्हणून त्या मोटारीची कोणती कामे स्वतः करावीत, आणि कोणती निमूटपणे मिस्त्रीच्या हवाली करावीत, एवढाच प्रश्न आज विचारार्थ घ्यावयाचा आहे.

या प्रश्नाचे सर्वतोमुखी असलेले उत्तर असे की, सोपे असेल ते स्वतः करावे आणि अवघड असेल ते मिस्त्रीकडे द्यावे. हे उत्तर ऐकावयास शहाणपणाचे वाटते. परंतु मोटारीच्या बाबतीत ते दिशाभूल करणारे आहे. लहान गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलणे हे हातकामाच्या दृष्टीने फारसे अवघड नाही. चाक उतरवावे, कॅलिपरचे दोन बोल्ट सोडवावेत, पिस्टन मागे दाबावा आणि जुने पॅड काढून नवे बसवावेत, इतकाच त्याचा विधी आहे. उलट डॅशबोर्डच्या पोटातून येणारा खडखडाट हुडकून काढणे हे काम भल्याभल्या मिस्त्र्यांच्या संयमाचा अंत पाहते. असे असूनही खडखडाटाचे काम कोणीही खुशाल करून पाहावे आणि ब्रेकच्या कामास नवख्याने हात लावू नये, असेच मी म्हणेन. कारण खडखडाट राहिला तर फार तर कान किटतील, पण ब्रेकमध्ये कसूर राहिली तर तिची किंमत रस्त्याने चाललेल्या एखाद्या त्रयस्थ माणसाला मोजावी लागेल. म्हणून काम किती कठीण आहे हे माप सोडून द्यावे, आणि ते बिघडले तर आपली चूक कोठे, केव्हा आणि कोणाच्या जिवावर उघडकीस येईल, हे माप हाती घ्यावे. जी चूक अंगणातच, किल्ली फिरवताक्षणी, अथवा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालच्या फरशीवरील डागातून आपली कबुली देते, ती चूक निरुपद्रवी होय. जी चूक महिनोन्महिने मौन पाळून अखेर घाटाच्या उतारावर तोंड उघडते, तिच्या वाटेस आपण जाऊ नये, हेच उचित.

आता, आपल्या आधीच्या पिढीला हा विवेक करावा लागला नाही, याचे कारण त्या काळच्या मोटारींच्या घडणीतच होते. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून जी फियाट निघू लागली, आणि पुढे सत्तरच्या दशकात जी पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली, ती घेण्यासाठी मनुष्य नाव नोंदवून वर्षानुवर्षे प्रतीक्षा करीत असे, आणि गाडी एकदा दारी आली म्हणजे तिच्या मर्जीप्रमाणे आपला रविवार आखीत असे. जागोजागच्या निपलांतून ग्रीस भरावे लागे, प्लग काढून पितळी ब्रशाने घासावे लागत, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांचे अंतर पात्याने मोजून जुळवावे लागे, कार्ब्युरेटरचा स्क्रू कानाने ऐकत किंचित फिरवावा लागे, आणि पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरचे झाकण पुसून कोरडे केल्याखेरीज गाडी जागची हलत नसे. हे सारे मालक अथवा त्याचा ड्रायव्हर करी, त्यात हौसेपेक्षा गरजेचा भाग अधिक होता. पण त्या गाडीचा एक मोठा गुण असा की तिच्या बहुतेक चुका बोलक्या होत्या. पॉइंट वाकडे बसले तर ती फुरफुरे, मिश्रण दाट झाले तर काळा धूर सोडी, आणि फारच राग आला तर सुरूच होत नसे. मालकाच्या हाताला शिक्षण मिळे ते या तात्काळ मिळणाऱ्या उत्तरांमुळे. मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत 2023 च्या ऑक्टोबरात संपली, तेव्हा अनेकांनी वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त केली; माझी हळहळ एवढ्याच मर्यादेची आहे की, इतक्या स्पष्टपणे बोलणारे यंत्र आता रस्त्यावर राहिले नाही.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800 ची किल्ली तिच्या मालकाच्या हाती दिली गेली आणि तेथून आपल्याकडील मोटारीचा स्वभाव पालटू लागला. प्रारंभी त्या 796 घन सेंटिमीटरच्या इंजिनालाही कार्ब्युरेटरच होता. परंतु धुरावरील निर्बंध जसजसे कडक झाले, तसतशी इंधनाची फवारणी संगणकाच्या ताब्यात गेली, पॉइंट गेले, डिस्ट्रिब्युटर गेला, ग्रीसचे निपलही बहुतांशी गेले, आणि 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत तर बॉनेट उघडल्यावर प्लास्टिकच्या एका आच्छादनाचेच दर्शन घडते. नवी गाडी क्वचित बिघडते, हे खरे. पण जे बिघडते ते मुक्याने बिघडते, कारण संगणक आपल्या परीने दोष झाकून गाडी चालती ठेवतो. तेव्हा मोटार बदलली तसे स्वावलंबनाचे क्षेत्रही बदलले आहे, आणि आजोबांनी जी कामे केली ती आपणही करावीत हा हट्ट व्यर्थ आहे. त्यांतील निम्मी कामे आता अस्तित्वातच नाहीत.

पैशाच्या हिशेबाकडे वळू. अमेरिकेत गॅरेजची मजुरी तासाला शंभर डॉलरांच्या घरात किंवा त्याहूनही वर असते, सामान्य मनुष्याच्या घराला लागून स्वतःचे गॅरेज असते, आणि त्यात जॅक, गाडी पेलणाऱ्या घोड्या व पाने मांडून शनिवारची दुपार घालवणे हा तेथील एक कुलाचारच होऊन बसला आहे. तेथे स्वतः ऑइल बदलणाऱ्याची बचत खरोखरीची असते. आपली परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथे वस्तू महाग आणि मनुष्याचे कष्ट स्वस्त, हा आपल्या अर्थव्यवस्थेचा जुना आणि फारसा भूषणावह नसलेला शिरस्ता आहे. नाक्यावरचा मिस्त्री ऑइल आणि फिल्टर बदलण्याची मजुरी म्हणून जी रक्कम घेतो, ती बहुधा त्याच कामात खर्ची पडणाऱ्या ऑइलच्या एका डब्यापेक्षा कमी भरते. ती मजुरी वाचवण्यासाठी दोन भक्कम घोड्या, टॉर्कचा पाना, ऑइल झेलण्याचे पसरट भांडे आणि फिल्टरचा पट्टा यांवर काही हजार रुपये घालावे, आणि ते सामान वर्षातून एकदा बाहेर काढावे, तर गुंतवलेले भांडवल वसूल होईपर्यंत बहुधा गाडीच विकावयास निघेल. शिवाय आपल्यापैकी बहुसंख्य लोक गृहनिर्माण संस्थांत राहतात. तेथील पार्किंगच्या फरशीवर काळे ऑइल सांडल्यास चिटणिसांची जी नोटीस येते, तिचे मोल कोणत्याही ताळेबंदात धरता येत नाही.

मग बचत कोठे आहे? माझ्या मते ती तीन ठिकाणी आहे, आणि त्यांतील सर्वांत मोठी बचत पाना हाती घेण्यात नाहीच. परंतु आधी हाताच्या कामांविषयी बोलू.

सर्वांत पहिले, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षिलेले काम म्हणजे चाकांतील हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटे लेबल डकवलेले असते, त्यावर पुढच्या व मागच्या चाकांचा दाब लिहिलेला असतो. लहान गाड्यांत तो साधारणतः तीस ते पस्तीस पौंडांच्या दरम्यान असतो, आणि डिकीत सामान व मागे तीन माणसे असतील तर मागच्या चाकांसाठी अधिक सांगितलेला असतो. हा दाब टायर थंड असताना मोजावयाचा असतो. महामार्गावरून तासभर धावून पंपावर गेलेल्या गाडीचा दाब मोजून हवा सोडून देणे ही आपल्याकडील नित्याची चूक आहे. काही शे रुपयांचा मापक डिकीत ठेवावा, महिन्यातून एकदा सकाळी चारही चाके आणि स्टेपनी तपासावी, एवढ्या उपद्व्यापाने टायरचे आयुष्य वाढते, पेट्रोल वाचते आणि गाडी खड्ड्यातून जाताना रिंगही वाचते. चूक झालीच तर ती मापकावर तत्क्षणी दिसते. नायट्रोजन भरून घेण्याचा जो आग्रह हल्ली होतो त्याविषयी इतकेच सांगतो की, आपल्याभोवतीच्या हवेत मुळातच 78 टक्के नायट्रोजन आहे. उरलेल्या भागासाठी दाम मोजावयाचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

इंजिनाचा एअर फिल्टर आणि आतल्या हवेचा केबिन फिल्टर ही दोन कामे तर जणू मालकासाठीच निर्माण झाली आहेत. पहिला बहुतेक गाड्यांत तीनचार क्लिपांच्या अथवा स्क्रूंच्या आड असतो, दुसरा बहुधा ग्लव्ह बॉक्सच्या पाठीमागे. दोन्ही बाजारात काही शे रुपयांस मिळतात आणि दोन्हींस मिळून अर्धा तासही पुरतो. सर्व्हिस सेंटरच्या बिलात हेच जिन्नस वस्तू आणि लेबर अशा दोन निरनिराळ्या रकान्यांत येतात. बाण कोणत्या दिशेस आहे ते पाहून केबिन फिल्टर बसवावा. उलटा बसला तरी कोणाचा जीव जात नाही. वायपरच्या पट्ट्यांचेही तसेच. एप्रिल-मेच्या उन्हात त्यांचे रबर कडक होऊन तडकते, ही गोष्ट मृगाच्या पहिल्या सरीत, समोरची काच गढूळ झाल्यावर, आपल्या ध्यानी येते. म्हणून मेअखेरीस त्या बदलाव्यात, आणि त्याच वेळी काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते तिच्यात साठलेली गुलमोहराची वा आंब्याची पाने हाताने काढून टाकावीत. ती पाने पाण्याच्या वाटा बुजवतात, मग पाणी गालिच्याखाली उतरते, आणि गाडीत कुबट वास येऊ लागला म्हणजे मालक अत्तराची बाटली विकत आणतो.

रेडिएटरच्या टाकीतील कूलंटची पातळी पाहणे हेही मालकाचेच काम. टाकीवर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात, आणि गाडी थंड असताना पातळी त्यांच्या दरम्यान असावी. इंजिन तापलेले असताना झाकण उघडू नये, हा नियम सर्वांस ठाऊक असतो आणि तरीही दरवर्षी कोणी ना कोणी हात भाजून घेतो. मात्र पातळी घटलेली दिसली म्हणून नळाचे, त्यातही बोअरचे, पाणी ओतण्याची जी सवय आहे ती मोडली पाहिजे. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आणि ते नुकसान दोन-तीन उन्हाळे उलटल्यावर समजते. येथे काम सोपे, पण चूक मुकी. म्हणून डिमिनरलाइज्ड पाणी आणि पुस्तिकेत सांगितलेले कूलंट, याखेरीज काहीही आत जाता कामा नये. आणि पातळी वारंवार घटत असेल, तर भर घालण्याचे थांबवून गाडी मिस्त्रीस दाखवावी. ते पाणी कोठेतरी जात आहे.

बॅटरीपाशी मी जरा अधिक रेंगाळणार आहे, कारण बचत आणि धोका या दोहोंचे येथे एकाच जागी दर्शन घडते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साठते, तीमुळे प्रवाहास अडथळा होतो, सकाळी स्टार्टर कण्हतो, आणि मालक बॅटरी गेली असे समजून नवी आणतो. वस्तुतः खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ती टोके धुतली, कोरडी केली आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला, तर तीच बॅटरी पुढे आणखी एखादे वर्ष निमूट चाकरी करते. हे काम अवश्य करावे. परंतु त्याचा एक क्रम आहे आणि तो पाळलाच पाहिजे: सोडवताना ऋण टोक आधी, जोडताना ऋण टोक शेवटी. गाडीचा सारा सांगाडा ऋण टोकास जोडलेला असल्यामुळे, धन टोक सोडवताना पान्याचा स्पर्श सांगाड्यास झाला तर प्रचंड प्रवाह वाहून पाना लाल होऊ शकतो, आणि बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनपाशी ठिणगी पडणे ही काही थट्टेची गोष्ट नव्हे. ऋण टोक आधी सुटले म्हणजे हा धोका उरत नाही. हाताला अंगठी वा कडे असल्यास काढून ठेवावे. ज्या बॅटरीला झाकणे आहेत तिच्यात केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल कधीही घालू नये. एवढी पथ्ये सांभाळली तर चूक झाल्यास गाडी सुरू होणार नाही, यापलीकडे अनर्थ नाही. आणि न सुरू होणारी गाडी आपल्याच दारात उभी असते.

आता ऑइल. मघाशी मी हिशेबाने हे काम मिस्त्रीच्या पदरात टाकले, तरी ज्यास हौस आहे, तळमजल्यावर स्वतःची जागा आहे आणि जो पैशापेक्षा कामाची खात्री अधिक मोलाची मानतो, त्याने ते जरूर करावे. कारण माझ्या मापाला हे काम उतरते. येथील प्रमुख चुका दोन. एक, चेंबरचा बोल्ट अवाजवी जोराने आवळून ॲल्युमिनियमचे आटे मारून टाकणे. दोन, जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली आहे हे न पाहता तिच्यावर नवा फिल्टर चढवणे. दुसऱ्या चुकीत इंजिन सुरू होताच ऑइलची धार लागते. पहिलीत दुसऱ्या दिवशी थेंब दिसतात. म्हणजे दोन्ही बोलक्या आहेत, मात्र त्यांचे बोलणे ऐकण्यासाठी इंजिन मिनिटभर चालवून खाली वाकून पाहण्याचा, आणि इंजिन बंद करून काही वेळाने डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहण्याचा शिरस्ता पाळला पाहिजे. नव्या फिल्टरच्या कडीला बोटाने ऑइल लावावे आणि कडी टेकल्यानंतर हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळावा. येथे पान्याचे काम नाही. ऑइलचा दर्जा पुस्तिकेत लिहिलेला असेल तोच घ्यावा. दाट ऑइल म्हणजे मजबूत ऑइल हा समज पद्मिनीच्या जमान्यातला आहे, आणि 0डब्ल्यू-20 साठी घडवलेल्या बारीक वाटांच्या इंजिनात 20डब्ल्यू-50 ओतणाऱ्याने आपल्या हाताने त्याचा घसा आवळलेला असतो. निघालेले काळे ऑइल गटारात ओतू नये, हे सांगण्याची पाळी यावी याचा मला खेद आहे, परंतु ती येते. वापरलेले ऑइल 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते, आणि ते डब्यात भरून, ज्या गॅरेजमधून ते पुनःशुद्धीकरणासाठी उचलले जाते तेथे पोचते करणे हा त्या कामाचाच भाग मानला पाहिजे. ही यातायात नको असेल तर त्या कामाची हौसही नको.

गाडीखाली जाण्याविषयी एक गोष्ट निक्षून सांगतो. गाडीबरोबर मिळणारा जॅक हा स्टेपनी बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरू नये. सपाट आणि टणक जमीन, मागच्या चाकांना दगड वा लाकडी पाचरी, आणि सांगाड्याच्या नेमून दिलेल्या जागी दोन घोड्या, इतके जमत नसेल तर ते काम आपले नाही. येथे चूक तत्काळ प्रकट होते हे खरे, परंतु ती ऐकण्यास आपण उरत नाही; म्हणून मघाचे माप सांगताना मी कोणाच्या जिवावर हाही शब्द घातला होता. त्याच न्यायाने सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंगा, स्टिअरिंगच्या पोटातील एअरबॅग आणि हायब्रिड गाड्यांतील नारिंगी रंगाच्या जाड तारा यांना घरात कोणी स्पर्श करू नये. यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

ब्रेकच्या तेलावर मात्र बोलणे प्राप्त आहे, कारण मुक्या चुकीचे याहून शुद्ध उदाहरण मोटारीत दुसरे नाही. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे कोरडे तेल 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्याच तेलात तीनचार टक्के पाणी मुरले म्हणजे ते 155 अंशांच्या आसपासही उकळू शकते, असे त्या प्रतीचे प्रमाण सांगते. शहरात, सिग्नलपासून सिग्नलपर्यंत, हा फरक कोणास कळत नाही. पेडल पूर्वीसारखेच कठीण लागते, गाडी पूर्वीसारखीच थांबते. परंतु गणपतीसाठी पाच माणसे आणि त्यांचे सामान घेऊन कोकणात निघालेली तीच गाडी वरंध्याच्या अथवा कुंभार्लीच्या उताराला लागते, चालक गिअरचा उपयोग न करता सतत ब्रेकवर पाय ठेवतो, डिस्क तापतात, तेलात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल तळाला टेकूनही ब्रेक लागत नाही. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी हे तेल बदलावे असे कंपन्या सांगतात, आणि बदलताना नळ्यांत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी परिणाम तोच. शिवाय एबीएसच्या गाड्यांत त्याच्या कप्प्यातील हवा काढण्यास पुष्कळदा संगणकाची जोड लागते. टाकीतील पातळी झाकण न उघडता बाहेरून पाहावी, रंग चहासारखा झाला असल्यास मिस्त्रीस सांगावे, आणि तेथे थांबावे. पातळी हळूहळू खाली येणे हे बहुधा पॅड झिजत चालल्याचे लक्षण असते, तेव्हा वर भर घालून स्वतःचे समाधान करून घेऊ नये.

याच्या उलट टोकास एक नवे साधन आहे, त्याची शिफारस मी मुक्तपणे करतो. 2013 च्या एप्रिलपासून आपल्याकडील मोटारींत दोषनिदानाची दुसऱ्या पिढीची पद्धत आली. स्टिअरिंगखालच्या खाचेत हजारभर रुपयांचे, किंवा त्याहूनही कमी किमतीचे, एक यंत्र खोचले म्हणजे इंजिनाचा पिवळा दिवा का लागला आहे त्याचा सांकेतिक क्रमांक मोबाइलवर उमटतो. पी0300 म्हणजे इंजिनात ठिकठिकाणी ज्वलन चुकते आहे, पी0420 म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अपेक्षेइतके काम करीत नाही. क्रमांक हा फिर्याद सांगतो, गुन्हेगार सांगत नाही, हे मात्र विसरू नये. पी0300 पाहून कोणी चारही प्लग आणि चारही कॉइल आणून बसवील तर तो मिस्त्रीपेक्षाही महाग पडेल. आणि दिवा पुसून टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तथापि हा क्रमांक कागदावर लिहून गॅरेजमध्ये गेलेल्या मालकाशी होणारे संभाषण निराळ्याच सुरात होते.

येथून मी बचतीच्या दुसऱ्या जागेकडे येतो. सुटे भाग स्वतः विकत आणावेत आणि मिस्त्रीकडून केवळ मजुरीवर बसवून घ्यावेत, ही आपल्याकडची मधली वाट आहे, आणि माझ्या मते ती पूर्ण स्वावलंबनापेक्षा अधिक किफायतीची आहे. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात सुट्या भागांची दुकाने आहेत, पुण्यात नाना पेठेत आहेत, आणि तालुक्याच्या गावीही एखादे दुकान असतेच. तेथे ज्या कारखान्याने मोटार कंपनीला तो भाग पुरवला, त्याच कारखान्याच्या नावाच्या खोक्यात तोच भाग पुष्कळदा कमी दाम देऊन मिळतो. सीलबंद खोके, त्यावरील भागक्रमांक आणि पक्के बिल, इतके पाहून घ्यावे. ब्रेकचे पॅड आणि ऑइल फिल्टर यांत नकली माल फार, म्हणून त्या दोन वस्तूंत स्वस्ताईचा मोह टाळावा.

हमीची मुदत चालू असताना असे केले तर हमी रद्द होईल, अशी धास्ती घालण्याचा प्रघात आहे, आणि त्या बाबतीत एक सरकारी निर्णय प्रत्येक मोटारमालकाला ठाऊक असावयास हवा. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल देऊन अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा त्यांच्यावरील आरोपाचा गाभा होता. बाहेरच्या मिस्त्रीकडून काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच हमी नाकारावी, असेही त्या आदेशात म्हटले होते. पुढे त्यावर अपिले झाली आणि प्रकरण लांबले, ही आपल्याकडची रीतच आहे. व्यवहाराचा सल्ला विचाराल तर हमीच्या काळात, आणि विशेषतः ज्या पहिल्या सर्व्हिसिंगांची मजुरी कंपनी घेत नाही त्या काळात, ऑइलच्या वा इंजिनाच्या कामास घरी हात लावू नये. फिल्टर, वायपर, हवा आणि बॅटरीची टोके यांवर कोणतीही कंपनी हमी नाकारील असे मला वाटत नाही.

आणि आता तिसरी, सर्वांत मोठी बचत. ती बिलातील अशा ओळींत आहे की ज्या कामांची पुस्तिकेने कधी मागणीच केलेली नाही. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, टेफ्लॉनचा लेप, दर खेपेस अलाइनमेंट, दर उन्हाळ्यास गॅस: काउंटरवरील तरुण ही नामावली इतक्या अदबीने वाचतो की नकार देणे असंस्कृतपणाचे वाटावे. त्याला दोष देत नाही. त्याच्यावरही महिन्याच्या विक्रीचे फर्मान असते. परंतु एसीची व्यवस्था बंदिस्त असते, तिच्यातील गॅस पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही, आणि तो दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती शोधून बुजवली पाहिजे, हे ज्याला ठाऊक आहे तो दर उन्हाळ्याची ती रक्कम वाचवतो. गाडी एका बाजूस ओढत नसेल आणि टायरची एक कड अधिक झिजत नसेल, तर अलाइनमेंट दर खेपेस कशासाठी, हे विचारण्याचे धैर्य ज्याने स्वतः चाकांवर हात फिरवून पाहिला आहे त्यालाच होते. टायरच्या खाचांत आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांना भिडली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरले आणि टायरची मुदत संपली. ही खूण ज्याने पाहिली आहे त्याला कोणी अवेळी टायर विकू शकत नाही, आणि वेळ झाल्यावर तो स्वतःही चालढकल करीत नाही. कोकणात समुद्राकाठी राहणाऱ्याने खालच्या पत्र्याला गंजरोधक लेप द्यावा, असे मीही म्हणेन. तोच लेप सोलापूरच्या कोरड्या हवेत कितपत अगत्याचा आहे, हा प्रश्न मालकाने विचारला पाहिजे.

यासाठी एक साधन पुरते. शंभर पानी वही घ्यावी, तीत प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, भागाचा क्रमांक, दिलेली रक्कम आणि काम करणाऱ्याचे नाव लिहावे, आणि बिले तिच्यातच दोऱ्याने ओवून ठेवावीत. बॅटरी कोणत्या महिन्यात बसवली हे वहीत असले म्हणजे तिच्या हमीचा दावा दोन मिनिटांत सांगता येतो; ब्रेकचे तेल कधी बदलले हे असले म्हणजे ते दुसऱ्यांदा अवेळी बदलले जात नाही, आणि विसरलेही जात नाही. गाडी विकताना घेणारा प्रथम ती वही मागतो, आणि ती पाहिल्यावर घासाघीस बरीच कमी करतो. पुस्तिकेतील देखभालीचा तक्ता मात्र आधी वाचावा. मोटार घेताना आपण रंगासाठी आठवडे घालवतो आणि ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढत नाही.

शेवटी, विजेवरील मोटारींसंबंधी अध्यक्षांनी मला आधीच विचारून ठेवले आहे, त्याचे उत्तर देतो. त्या मोटारीत इंजिनाचे ऑइल नाही, ऑइलचा फिल्टर नाही, प्लग नाहीत, इंजिनाचा एअर फिल्टर नाही. तेव्हा आज मी ज्यांवर इतका वेळ घेतला त्यांतील बरीच कामे तेथे आपोआप रद्द होतात. मोठ्या बॅटरीचे आणि तिच्या तारांचे काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाखेरीज कोणाचेही नाही. पण ती गाडी वजनाने भारी असते आणि तिचा जोर पहिल्या क्षणापासून चाकांवर येतो, त्यामुळे टायर लवकर झिजतात, म्हणून हवेचे काम दुपटीने महत्त्वाचे होते. वायपर, केबिन फिल्टर आणि काचेखालच्या जाळीतील पाने तशीच राहतात. दिव्यांसाठी व संगणकासाठी बारा व्होल्टची लहान बॅटरीही बहुतेकींत असतेच, आणि ती बसली तर इतकी मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. ब्रेक त्या गाडीत कमी वापरले जातात, कारण वेग उतरवण्याचे पुष्कळसे काम चाके फिरवणारी विद्युत मोटरच करते. पण त्यांतील तेल ओलावा शोषावयाचे सोडत नाही, आणि ते ठरल्या मुदतीस बदलण्यासाठी ती गाडीही मिस्त्रीच्याच दारी न्यावी लागते.